तिची सॅक, त्याची पाठ

गाडी संध्याकाळी यायची होती, पण सकाळपासूनच तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, दोन उशांवर ठेवलेला, आणि बाकीची ती नुसती चुळबुळत होती. पलंगावर, जमिनीवर, खुर्चीच्या पाठीवर सामान पसरलं होतं. स्लीपिंग बॅग, दोरी, पावसाचा कोट, डोक्याला बांधायची बॅटरी, जळवा चढू नयेत म्हणून घालायचे लांब कापडी मोजे. डोंगर चढून जायचं आणि पलीकडच्या जंगलातून नदीपर्यंत उतरायचं, असा बेत होता. बेत तिचा. जाणार मात्र तिचा नवरा होता.

ती पोहायला शिकवायची. तलावाच्या काठावर उभं राहून "पळू नका रे, पळू नका" असं ओरडणं हा तिच्या नोकरीचा अर्धा भाग. आणि एक दिवस एका पोरीला आवरायला त्याच ओल्या फरशीवरून ती स्वतःच पळाली. घोट्याचं हाड मोडलं. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी हळहळायचा आणि मग ओठ आवळून हसू दाबायचा. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण वर्षभर जिची वाट पाहिली ती मोहीम अशी हातची जावी, हे काही केल्या पचत नव्हतं.

"माझ्या जागी तू जा," असं तिनेच नवऱ्याला म्हटलं होतं.

नवरा चष्म्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. शांत माणूस. सुट्टीच्या दिवशी बागेत न्यायचं तरी त्याला हाताला धरून ओढावं लागे. "मी? आणि डोंगरात?" असं म्हणून तो आधी हसला होता, मग दोन दिवस गप्प होता आणि शेवटी म्हणाला होता, "बरं. तुझ्यासाठी जातो."

ते वाक्य तिने येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना ऐकवलं होतं. बिचारा माझ्यासाठी जातोय. असं सांगितलं की पायाचा ठणका थोडा कमी व्हायचा.

"मोजे खाली नको कोंबूस," ती आता पलंगावरून म्हणाली. "पाय ओले झाले की आधी तेच लागतात. वर ठेव."

"ठेवतो."

"आणि कपडे पिशवीत घालून गाठ मार. नुसते टाकू नकोस. नदी कमरेपर्यंत असते."

"मारतो गाठ."

"अरे, अशी नाही! इकडे आण."

त्याने पिशवी आणून दिली. तिने गाठ सोडून पुन्हा मारली, तशीच. मग तिलाच कसंतरी झालं आणि तिने पिशवी त्याच्या अंगावर फेकली. "घे. मला काय, तुझे कपडे भिजतील."

त्याने पिशवी सॅकमध्ये सरकवली. सॅक पाठीला लावून त्याने खांद्याचे पट्टे सैल केले. सॅक तिची होती. ते पट्टे तिने स्वतःच्या पाठीच्या मापाने बसवले होते, आरशासमोर उभं राहून, कितीतरी वेळ लावून. तो ते सरसर सोडवत होता. मग कमरेचा पट्टा आवळून त्याने सॅक किंचित वर उचलली आणि पुन्हा खाली बसवली. हे तिने बघितलं. ओझं असं कमरेवर कसं घ्यायचं, ते तिने त्याला सांगितलेलं नव्हतं. तिने मान दुसरीकडे वळवली.

दुपारी नणंद आली. वहिनीजवळ राहायला म्हणून चार कपडे घेऊनच आली होती. मनाने साफ, पण तोंडाला कुलूप नाही. दारातच तिने भावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय दादा, झाली का तयारी? आता मी माझ्या शेजारणींना काय सांगू? रोज विचारतात, तुमचे बंधू लिफ्ट असताना जिना का चढतात?"

नवऱ्याचा हात सॅकच्या तोंडाशी थांबला.

"कुठला जिना?" तिने पलंगावरून विचारलं.

"अगं, आमच्या बिल्डिंगचा. दुकानातून सुटला की थेट आमच्याकडे. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी आणि वर-खाली, वर-खाली. घामाने निथळत असतो नुसता. मी म्हटलं, दादा, जिवाला जप जरा. तर म्हणतो कसा, अगं, मला हे आधी का नाही सुचलं? इतका खूश मी त्याला लग्नातसुद्धा..." बोलता बोलता नणंदेला खोलीतली शांतता कळली. "म्हणजे... तुला माहीत नव्हतं?"

"मला वाटलं, दुकानात गर्दी असते म्हणून उशीर होतो," ती म्हणाली.

नणंद पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेली, ती आतच राहिली.

तो खाली मान घालून दोरीची गुंडाळी करत बसला. तिला वाटत होतं, उठावं, तरातरा चालत जावं, दार आपटावं. यातलं काहीच करता येत नव्हतं. तिने कुबडी ओढली, ती हातातून निसटून खाली पडली. तो उचलायला आला.

"राहू दे तिथेच."

"अगं, ऐक तर—"

"रोज रात्री जेवताना तोंड पाडून बसायचास. मी तुझी समजूत घालायचे. घाबरू नकोस, बाकीचे लोक चांगले आहेत, जमेल तुला. तू ऐकून घ्यायचास!"

"मग काय करू? तू इथे अशी पडलेली. तुझ्यासमोर उड्या मारू?"

"हो! मारायच्या होत्यास."

"आणि तुला काय वाटलं असतं?"

"राग आला असता. खूप राग आला असता. पण निदान खरा आला असता. मी सगळ्या जगाला सांगत सुटले की बिचारा माझ्यासाठी जातोय."

तो खुर्चीवर बसला आणि लगेच उठला, कारण खुर्चीवर टिनचे डबे होते. एरवी दोघंही हसली असती.

"सुरुवातीला तुझ्यासाठीच जात होतो," तो म्हणाला. "देवाशप्पथ. मग म्हटलं, निदान तिथे जाऊन पडायला नको, म्हणून जिना चढायला लागलो. पहिल्या दिवशी मेलो होतो. पण मग काय झालं, मला सांगता येत नाही. दुपारपासूनच पाय वळवळायला लागायचे. कधी दुकान बंद होतंय, असं व्हायचं." त्याने तिच्याकडे पाहिलं. "मला जायचंय गं. खूप जायचंय. तू बरी असतीस आणि तुझी एकटीचीच जागा असती, तरी मला जावंसं वाटलं असतं. हे तुला कसं सांगणार होतो?"

 इतक्या वर्षांत "मला पाहिजे" असं त्याच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. जेवायला काय करू विचारलं तरी "काहीही चालेल" म्हणणारा माणूस. तिला रडू येत होतं, आणि ते पायाचं होतं की त्याचं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

"नको जाऊ म्हणालीस तर नाही जाणार," तो म्हणाला.

"हे आणखी वाईट," ती म्हणाली. "ते नको करूस."

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "सॅक रिकामी कर."

"काय?"

"सगळं काढ बाहेर. मी ती माझ्यासाठी भरून घेतली होती. तू तुझी भर."

त्याने सॅक उलटी केली. मग त्याने भरायला घेतलं आणि ती बघत बसली. बघणं महाकठीण होतं. स्लीपिंग बॅग त्याने उभी घातली. दोरी तळाशी टाकली. तिच्या जिभेच्या टोकावर दहा गोष्टी आल्या. तिने चादरीचा कोपरा मुठीत धरला आणि एकही बोलली नाही. तिने बाजूला काढून ठेवलेलं दुसरं स्वेटर त्याने घेतलं नाही. घरातली जुनी दुर्बीण मात्र घेतली, जी तिने जड म्हणून आधीच बाद केली होती. शेवटी त्याने गुडघ्याने दाबून तोंड आवळलं. सॅक एका बाजूला फुगली होती, पण भरली होती.

गाडी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळे ज्याला कप्तान म्हणत, तो मोहिमेचा म्होरक्या वर आला. तिला म्हणाला, "तुमची उणीव भासेल हो."

"नाही भासणार," ती म्हणाली. "बघा तुम्ही."

निघताना नवरा तिच्याजवळ वाकला, काहीतरी बोलायला म्हणून. पण खालून हॉर्न वाजला आणि तो नुसताच तिच्या केसांवरून हात फिरवून गेला. नणंदेच्या खांद्याला धरून ती लंगडत खिडकीपर्यंत पोहोचली. खाली अनोळखी माणसांच्या घोळक्यात तो सॅक टपावर चढवत होता. कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि तो मोठ्याने हसला. वर बघायचं तो विसरला. तिला राग आला, आणि गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"मीच मेली बोलून बसले," नणंद म्हणाली. "वहिनी, माझ्यावर चिडलीस?"

"नाही गं. चहा टाक."

चहा झाला, तरी तिला बसवेना. कुबड्या घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जात राहिली. दिवेलागणीला फोन वाजला. पलीकडे वारा होता आणि माणसांचा कलकलाट.

"इथून पुढे फोन लागणार नाही म्हणतात," तो म्हणाला. "डोंगर दिसतोय. खूप मोठा आहे गं. फोटोत इतका वाटला नव्हता."

"घाबरलायस?"

 "हो. आणि आनंदही झालाय. दोन्ही एकदमच."

"बरं झालं सांगितलंस."

"आल्यावर तुला वाईट वाटेल असं काही नाही सांगणार—"

"सगळं सांगायचं," ती म्हणाली. "काय छान दिसलं, कुठे धमाल आली, सगळं. मला वाईट वाटलं तर वाटू दे. मी बघेन माझं."

तो काहीतरी म्हणाला, पण वाऱ्यात ते ऐकू आलं नाही. मग फोन कट झाला. तिने तो टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. जमिनीवर त्याने न नेलेलं सामान तसंच पडलं होतं. नणंद ते आवरायला वाकली.

"असू दे," ती म्हणाली. "मला आवरू दे. हाताला काहीतरी काम पाहिजे."

प्लास्टरचा पाय पुढे पसरून ती जमिनीवर बसली आणि एकेक वस्तू जवळ ओढायला लागली.