चढावरचं जपानी इंजिन

पारोळ्याला वऱ्हाड सोडून परतताना भाईदासच्या अँबॅसडरचं इंजिन जाम झालं, ते कायमचंच. धुळ्याच्या मिस्त्रीने ते उघडून पाहिलं आणि मान हलवली. मग मुंबईच्या भंगार बाजारातून एका जपानी गाडीचं वापरलेलं डिझेल इंजिन ट्रकने आलं. मिस्त्रीने वेल्डिंग करून ते बसवलं. भाईदासला मात्र दुसऱ्याचा बैल आपल्या गाडीला जुंपल्यासारखं वाटत होतं.

गाडी हाती येताच बायकोला, ताईबाईला घेऊन तो सातपुड्याच्या पायथ्याला लेकीकडे निघाला. तिच्या गावाआधी खडा चढ होता. जुनं इंजिन तिथे हमखास मान टाकायचं. म्हणून ताईबाई उतरून, हातात दगड घेऊन मागून चालायची आणि गाडी थांबली की तो चाकामागे लावायची. आजही ती उतरली.

"बस ना, हाई इंजिन दमदार शे," भाईदास म्हणाला.

"परदेशी शे, पन जुनंच ना?" म्हणत तिने दगड उचलला.

भाईदासने गिअर टाकला. गाडी एका दमात माथ्यावर पोहोचली. त्याने वळून पाहिलं, तर ताईबाई अर्ध्या वाटेवर दगड धरून एकटीच हसत उभी होती. त्यालाही हसू आवरेना. गाडी हळूहळू मागे घेत तो तिच्यापाशी आला आणि पुढचं दार उघडलं. तिने दगड रस्त्याकडेला ठेवला, पदराला हात पुसले आणि शेजारी बसली.

"चाल आते," ती म्हणाली.