तक्रार, कारण, उपाय, सही

लिफ्टवाली जन्माला आली तेव्हा सगळे तिला मुलगा समजले, आणि उगीच कुणाचं मन कशाला मोडा म्हणून तिनं बावन्न वर्षं ते चालवून घेतलं. मुलगा म्हणून शाळेत गेली, तरुण म्हणून लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकली, नवरा म्हणून लग्नाला उभी राहिली, बाप म्हणून दोन मुलींना सायकल शिकवली. सगळं नीट जमलं. फक्त मधूनमधून आरशात बघताना तिला वाटायचं, हा गृहस्थ स्वभावानं चांगला दिसतो, पण आपली ओळख नाही.

यंदा तिनं ठरवलं, की आता बायकोला सांगायचं. अडचण एवढीच होती, की तिला बाई म्हणून जगायचं होतं ते ह्याच घरात, ह्याच बायकोबरोबर आणि ह्याच दोन मुलींच्या कटकटीत. बायको ‘निघा’ म्हणाली तर कुठली बॅग घ्यायची, इथपर्यंत तिचा विचार झाला होता. घरातली एकुलती एक बरी बॅग बायकोची होती. म्हणजे हाकललं तर आधी बॅग मागावी लागणार, ह्या विचारानंच तिचे आठ महिने गेले.

शिवाय त्या घरात तोंडी तक्रार चालत नसे. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी एक नळ ‘उद्या बघतो’ ह्या शब्दावर सात महिने गळला, तेव्हा बायकोनं नियम काढला. लिफ्टमध्ये तक्रारीसाठी टांगतात तसली कंपनीची निळी वही तिनं स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली. चार रकाने: तक्रार, कारण, उपाय, सही. मनात असेल ते लिहायचं आणि ज्याच्याशी संबंध असेल त्यानं तीन दिवसांत उपाय लिहायचा. पान फाडायचं नाही, कारण पानांवर आकडे छापलेले असतात आणि बायकोचं लक्ष असतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे. एकवीस वर्षांत घरातली सगळी भांडणं अशा नऊ वह्यांमध्ये झाली होती. घर त्यामुळे शांत होतं.

मंगळवारी सकाळी सगळ्या उठायच्या आत लिफ्टवालीनं वहीत लिहिलं:

‘तक्रार: मी पुरुष नाही, बाई आहे. कारण: पहिल्यापासून. उपाय: मोडतोड नको. मला ह्याच घरात राहायचं आहे.’

सही केली, वही खिळ्याला अडकवली आणि चोरासारखी घराबाहेर पडली.

त्या दिवशी काम अकरा मजल्यांच्या एका इमारतीत होतं. तिथली तसलीच निळी वही तिनं तक्रारी वाचायला आदल्या दिवशी घरी आणली होती. पिशवीतून काढून तिनं ती लिफ्टमध्ये दोरीला टांगली आणि गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जाऊन बसली. लिफ्ट चालू ठेवूनच मोटरचा आवाज ऐकायचा होता. आज तर मोटर गात असल्यासारखी वाटत होती. इतकं हलकं तिला लग्नातसुद्धा वाटलं नव्हतं, आणि लग्नात तर तिनं दोन दिवस काही खाल्लं नव्हतं.

नऊच्या सुमाराला भिंतीवरच्या स्पीकरमधून वॉचमनचा आवाज आला. हा स्पीकर मशीनची खोली, लिफ्ट आणि वॉचमनचं टेबल असा तिन्हीकडे बोलतो.

“उस्ताद, आज लोक लिफ्टमध्ये फार वेळ काढतायत. दोघं वर गेले, खाली आले, परत वर गेले. उतरलेच नाहीत.”

“हवा बरी येत असेल,” लिफ्टवाली म्हणाली.

साडेदहाला बायकोचा फोन आला.

“अहो, तुम्ही भलतीच वही टांगून गेलात. ‘सातव्या मजल्यावरचं दार कुरकुरतं’ असं लिहिलंय. मी घरभर सातवा मजला शोधला.”

लिफ्टवालीनं पिशवी उलटी केली. आत एकही वही नव्हती.

“मग आपली वही कुठंय?” बायको म्हणाली. “तुमच्याकडेच असणार. दुकानात जाता जाता ही आणून देते म्हटलं. आलेच आहे. लिफ्टमध्ये शिरतेय. अरे, ही काय, इथेच टांगलीय की आपली.”

मोटर फिरायला लागली. लिफ्टवालीनं दोर सरकताना पाहिला, आणि बायकोनं ते पान वाचता कामा नये एवढाच विचार करून समोरचं लाल बटण दाबलं.

लिफ्ट सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये थांबली. बायकोला वहीपासून वाचवायला म्हणून तिनं बायकोला वहीसकट कोंडलं होतं. बावन्न वर्षांच्या अकलेचा हा कळस होता.

फोन कट झाला. थोड्या वेळानं स्पीकर खरखरला.

“अहो.”

“हं.”

“मी वाचतेय.”

“हं.”

“मी एकटी नाही वाचत. आधी बऱ्याच जणांनी वाचलंय. चौथ्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिका लिहितात, ‘अक्षर सुवाच्य. धीर त्याहून चांगला.’ दुसरा मजला म्हणतो, ‘आम्हाला लिफ्ट चालल्याशी मतलब. शुभेच्छा.’ नववा मजला: ‘माझ्या मावशीनं साठीत सांगितलं, की ती काका आहे. आता छान चाललंय. काका गाडी मात्र मावशीइतकीच वाईट चालवतो.’ कुणीतरी लिहिलंय, ‘यावर सभा बोलवावी,’ आणि खाली चार वेगवेगळ्या अक्षरांत ‘नको’.”

“अगं, मी...”

“थांबा, आपल्या धाकटीच्या तक्रारीवरही लिहिलंय. ‘थोरली न्हाणीत पाऊण तास बसते.’ उपाय: ‘आमच्याकडेही.’” बायको पुढे म्हणाली, “म्हणजे अख्ख्या इमारतीला कळल्यावर मला कळलं.”

“मी ऐकत नाहीये,” वॉचमन म्हणाला.

लिफ्टवाली स्पीकरच्या इतकी जवळ गेली, की कपाळ भिंतीला टेकलं. “तुला पहिलं कळावं म्हणूनच वहीत लिहिलं गं. तोंडानं जमत नव्हतं. आठ महिने रोज स्वयंपाकघरात यायची आणि पाणी पिऊन परत जायची.”

“तरीच. मी म्हटलं ह्यांना साखर झाली. तपासणीची वेळसुद्धा घेऊन ठेवलीय गुरुवारची.”

“जाईन की गुरुवारी.”

“मी दिवसभर परक्या माणसांना विचारते, ‘हे स्पष्ट दिसतंय की ते?’” बायकोचा आवाज जरा खाली आला. “आणि चोवीस वर्षं घरातलंच माणूस दिसलं नाही.”

“तुला कसं दिसणार? मीच दिवा बंद करून बसले होते.”

मोटर थंड होताना टिकटिक करत होती.

“तुम्ही जाणार आहात का?” बायकोनं विचारलं.

“कुठे?”

“मला काय माहीत. लोक जातात. नवीन आयुष्य वगैरे.”

“मला नवीन नको. जुनंच हवंय. त्यात मी पण असले म्हणजे झालं.” लिफ्टवाली म्हणाली. “तू निघा म्हणशील ह्या भीतीनं मी बॅगसुद्धा बघून ठेवली होती.”

“कुठली? माझी निळी?”

“हो.”

“ती मिळणार नाही,” बायको म्हणाली. “चाक मोडलंय. तुम्ही उपाय लिहिलेला नाही, एप्रिलपासून.”

त्यानंतर स्पीकरमधून नुसतंच कागदावर पेन घासल्यासारखं काहीतरी ऐकू यायला लागलं. लिफ्टवालीनं स्पीकरला कान लावला.

“लिहितायत,” वॉचमननं सांगितलं. “मला कॅमेऱ्यात दिसतंय. म्हणजे, मी बघत नाहीये.”

“काय लिहितायत?”

“अक्षर बारीक आहे, उस्ताद.”

“अहो,” बायको म्हणाली, “आता बाहेर काढणार आहात, की मीपण कुठल्या मजल्यावर राहते ते लिहू?”

लिफ्टवालीनं हातानं मशीनचं चाक फिरवत लिफ्ट सातव्या मजल्याला आणली आणि जिन्यावरून धावत खाली गेली. दार कुरकुरत उघडलं. बायकोचे डोळे लाल होते. चष्मा मात्र तिनं नुकताच पुसलेला होता. तिनं वही पुढे केली. उपायाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पाहिलं. आहे तिथंच राहू द्यावं. समजून घ्यायला वेळ लागेल, रोज विचारू नये.’ शेजारी सही होती. आणि खाली एक नवीन तक्रार होती:

‘तक्रार: घरात चौघी, न्हाणी एक. कारण: वर पाहा. उपाय:’

उपायाचा रकाना कोरा होता.

लिफ्टवालीनं ‘चौघी’ हा शब्द तीनदा वाचला. मग ती बायकोच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि बायकोच्या दुकानातल्या पांढऱ्या कोटाला ग्रीस लागलं. त्याची तक्रार संध्याकाळी वहीत आली.

“मुलींना मी सांगणार नाही,” बायको पायऱ्या उतरता उतरता म्हणाली. “खिळ्याला वही लावा, वाचतील. आणि मी हाक ‘अहो’च मारणार. त्यात बदलण्यासारखं मला काही दिसत नाही.”

तळमजल्यावर वॉचमन छताकडे बघत उभा होता.

रात्रीच्या जेवणाआधी थोरलीनं लिहिलं, ‘माझं क्रीम कुठे जातं ते कळलं. यापुढे विचारून घ्यावं. बाबा म्हणायचं की दुसरं काही, ते कळवणे.’ लिफ्टवालीनं लगेच उपाय भरला: ‘बाबाच. त्या जागेवर चोवीस तास मीच आहे.’ धाकटीनं फक्त ‘ओके’ लिहिलं, शेजारी हसरा चेहरा काढला आणि पुढे म्हटलं, ‘नवीन न्हाणी माझी.’ ह्यावर थोरलीनं लिहिलेलं इथे देण्यासारखं नाही.

तिसऱ्या दिवशी, मुदत संपायला तासभर असताना, लिफ्टवालीनं कोठीची खोली मापली आणि कोरा रकाना भरला: ‘कोठीत दुसरी न्हाणी. नळ मी स्वतः बसवीन. उद्या बघते.’

बायकोनं शेवटचे दोन शब्द लाल पेनानं खोडले, वर ‘आज’ लिहिलं आणि नळ आवळायचा पाना तिच्या हातात आणून दिला.