जाते म्हणाली

अंगठ्यांत खडे बसवणाऱ्या एका कारागिराची बायको वाचनालयात मुलांना गोष्टी सांगायची. तिचा प्रत्येक वीर घर सोडायचा, राक्षसाशी झुंजायचा आणि काहीतरी मौल्यवान घेऊन परतायचा. अट एकच, निघताना त्याने "येतो" म्हणायचं. "जातो" म्हणणाऱ्याला मी परत आणत नाही, असं ती मुलांना बजावायची.

आणि आज पित्ताशयाच्या ऑपरेशनला आत नेताना हीच बाई नवऱ्याला म्हणाली, "जाते." मागोमाग दार बंद झालं.

तो बाकावर चरफडत बसला. जगाला शिकवायचं आणि स्वतःच्या वेळेला माती खायची. हातातला चहा गार झाला. डॉक्टरांनी बाहेर येऊन "सगळं व्यवस्थित झालं" म्हटलं, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. राग मात्र उतरेना.

ती शुद्धीवर आल्या आल्या त्याने विचारलं, "येते म्हणायला तोंड दुखत होतं का गं?"

"जाते नि येते म्हणत होते," ती पुटपुटली. "निम्म्यातच दार लावलं त्यांनी." मग तिने उशाशी ठेवलेल्या बाटलीकडे बोट दाखवलं. पोटातून काढलेले दोन पिवळट खडे तिच्यात होते. "रिकाम्या हाताने नाही आले, बघ."

त्याने सवयीने बाटली उजेडात धरली आणि एक डोळा मिटून खडे पारखले.

"असला माल मी दुकानात घेत नाही," तो म्हणाला, आणि बाटली शर्टाच्या खिशात ठेवून त्याने वरून बटण लावलं.