दोन तासांचं अंतर

“मुंबई ते इंदूर विमानाने दोन घंटे, आणि पुढे मोटारने पस्तीस मैल. आलाच समजा जयंता,” शेजारचे बापू पुन्हा म्हणाले. विनोदिनीताईंनी दारातल्या मडक्यात आणखी एक गोवरी टाकली, विस्तव विझू नये म्हणून.

ताईंची आई आदल्या रात्री गेली होती. प्रेत उचलेपर्यंत गल्लीत चूल पेटवायची नाही, ही आमची माधवनगरातली रीत. पोरांना चुरमुऱ्यांवर गप्प केलं होतं. अग्नी द्यायचा तो मुलाने, उपाशीपोटी. मुलगा एकच, जयंत, मुंबईत इमारतींची कंत्राटं घेणारा. त्याची तार आली होती: विमानाने निघतो, थांबा.

म्हातारी कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली. शाळेत शिकवून आलं की ताई तिचं सगळं करायच्या, अगदी गू-मूतसुद्धा. लग्नाचं वय त्यातच निघून गेलं. जयंताचं पत्र मात्र ठरलेलं: ‘बोलाव, की आलो. दोन तासांचं तर अंतर!’ बोलावलं की मात्र साहेबांना फुरसत नसे. त्या दोन तासांची मला शिसारी बसली होती.

चैत्राचं ऊन. दुपार कलली तशा माश्या वाढल्या, आणि उदबत्त्यांना न जुमानता वास येऊ लागला. ताई पदराने आईच्या तोंडावरच्या माश्या वारत बसल्या.

“सूरज ढलला तर उद्यावर जाईल हो,” बापू म्हणाले. तेवढ्यात मोटार वाजली.

जयंत उतरला. “विमान एकदम टाइमपे, बापू! सकाळीच इंदूरला उतरलो.”

“मग इतका वेळ?”

“एका बड्या साहेबांकडे थांबावं लागलं. राजधानी आता भोपाळला गेली ना, क्वार्टरं बांधायची आहेत. असे लोग रोज मिळतात का?”

त्याचे दात पानाने लाल झाले होते. तो आईच्या पायाशी वाकला आणि केशराचा वास आला.

“जेवलास?” ताईंनी विचारलं.

“अगं, ते मानेचनात. पाटावर बसवलं, नाही कसं म्हणणार? दोन पुऱ्या, थोडं श्रीखंड.”

सगळी गल्ली उपाशी, आणि पोटचा पोर श्रीखंड ओरपून आला!

गुरुजी समजुतीने म्हणाले, “स्नान करून घ्या. घ्या मडकं.”

ताईंनी मडक्याची दोरी आपल्या हातात घेतली. “ह्याच्या हाती द्यायचं नाही.”

“विनू, तमाशा नको. लोग काय म्हणतील?” जयंत म्हणाला.

“बायका घाटावर येत नाहीत, ताई,” गुरुजी चाचरले.

“आईच्या घरचं उपाशी कोण आहे, गुरुजी?”

गुरुजींनी वाट सोडली. बापू म्हणाले, “चलने दो महाराज. उजेड आहे तोवर निघू.”

ताई अनवाणी पुढे, आम्ही खांदेकरी मागे. जयंत माझ्या पाठीमागेच होता. टावर चौकात कुणीतरी त्याला हळूच विचारलं, “कब आए?”

“आज ही. प्लेन से,” तो म्हणाला, “बस, दो घंटे.”

ताईंनी वळून पाहिलं नाही. चक्रतीर्थाचा घाट अजून बराच लांब होता, आणि मडक्याचा धूर त्यांच्या डोळ्यांत जात होता. “जरा टेकता का?” बापूंनी विचारलं. ताईंनी नकारार्थी मान हलवली आणि दोरी दुसऱ्या हातात घेतली.