ग्लोरियाला मी खाडीपार नेलं

मित्रांनो, मला जुनी म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण मोडकी म्हणाल तर याद राखा! मी देवबागची लाकडी होडी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या वाळूवर लिनोचं कौलारू घर. त्याच्या अंगणापुढे, खाडीच्या काठावर, माडाखाली मी टेकलेली असते. आज मला तुम्हांला एक गोष्ट सांगायचीच आहे. एकदा सुरू झाले की मला थांबवत नाही, तेव्हा आधी नीट बसून घ्या.

माझा जन्म आरोंद्याचा. तिथल्या गंगाराम सुतारांनी फणसाच्या फळ्या जोडून मला घडवलं, फटींमध्ये कापूस ठोकला आणि वरून काजूच्या टरफलाचं तेल पाजलं. लिनोच्या वडिलांनी मला देवबागला आणलं, तेव्हा पाद्रीबाबांनी माझ्यावर आशीर्वादाचं पाणी शिंपडलं. वडिलांचे भागीदार दत्ताराम, त्यांनी माझ्या पुढच्या टोकावर नारळ फोडला. दोन्हींकडचे आशीर्वाद घेऊन मी पाण्यात उतरले. अशी उतरले म्हणता! बांगडा काय, तारली काय, भरभरून आणली. माझं बूड उथळ, त्यामुळे जिथे इतर होड्या वाळूत रुततात तिथून मी सुळकन निघते. किनाऱ्यावर सगळे माझं कौतुक करायचे आणि मी छाती फुगवून डोलायचे.

पुढे दिवस बदलले. पर्यटक आले, लिनोने घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली आणि डॉल्फिन दाखवायला एक फायबरची बोट घेतली. तिला रंगीत छप्पर, मऊ बाकं, काय विचारता! मला मात्र खाडीत जाळं टाकण्यापुरतं ठेवलं. पाहुणे माझ्यावर रेलून फोटो काढायचे आणि जाताना माझ्यात वेफर्सची रिकामी पाकिटं टाकून जायचे. राग यायचा हो, फार यायचा.

पण लिनोने एक गोष्ट कधी चुकवली नाही. लाकडी होडी उन्हात पडून राहिली की सुकते. फळ्या आकसतात, फटी उघडतात, आणि मग ती पाण्यात घातली की बुडते. म्हणून मे महिन्यात तो रोज संध्याकाळी खाडीतून बादल्या भरून आणायचा आणि मला चिंब भिजवायचा. त्याची मुलगी ग्लोरिया, दुसरीतली, तीही तिच्या छोट्या डब्याने माझ्यावर पाणी ओतायची. रांगत होती तेव्हापासून ती माझ्या फळ्यांवर खेळलेली. तिचा लळा मला किती म्हणून सांगू!

तर त्या मे महिन्यात काय झालं, ऐका. सुट्टीचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं. सकाळी लिनो पाहुण्यांना घेऊन डॉल्फिन दाखवायला गेला आणि ग्लोरियाही हट्टाने फायबरच्या बोटीत बसली. समुद्राला जरा लाटा होत्या. परत आल्यावर दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. लिनो हसायलाच लागला. म्हणे, हिला बोट लागली! आता मला सांगा, जी पोर होडीत लहानाची मोठी झाली, तिला बोट लागेल? मला काही ते पटलं नाही. पण लिनो रोज पाहुण्यांना हेच सांगतो: बोट लागली की पाणी पिऊ नका, पोट रिकामं ठेवा, लिंबाची फोड चोखा, आपोआप बरं वाटेल. तोच नियम त्याने लेकीला लावला.

संध्याकाळपर्यंत तिला जुलाबही सुरू झाले. मित्रांनो, बोट लागून कुणाला जुलाब होत नाहीत! काहीतरी शिळंपाकं पोटात गेलं असणार. नक्की काय ते कुणालाच कळलं नाही. तिची आई वेरोनिका पाहुण्यांच्या स्वयंपाकातून धावत यायची, पदर ओला करून तिचं तोंड पुसायची. तिने पेजेचं पाणी दोन चमचे पाजलं, तेही उलटून पडलं. मग तीही घाबरली आणि लिनोचंच खरं मानून बसली. ओसरीवरच्या खाटेवरून ग्लोरिया पाणी मागत होती. आणि त्याच वेळी लिनो काय करत होता? मला भिजवत होता! बादलीमागून बादली माझ्या अंगावर ओतत होता, माझ्या फळ्यांना तडा जाऊ नये म्हणून. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अरे लिनो, मला काय देतोस, तिला दे! पण होडीला तोंड कुठे असतं? मी नुसती ओली होऊन पडून राहिले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सकाळ झाली आणि ग्लोरिया शांत झाली. उलटी नाही, पाणी मागणं नाही, हाक नाही. लिनो खूश झाला. वेरोनिकाला म्हणाला, बघ, झोप लागली, आता उठेल ती खेळायलाच. वेरोनिकाने पाहुण्यांचे घावणे घालायला घेतले.

एवढ्यात दत्तारामांचा मुलगा गुरुदास मोटरसायकलवरून आला. फायबरची बोट तोच चालवतो. मागे त्याची बायको कावेरी बसलेली. ती आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे आणि इथे बोटीवर एक नजर टाकून तो तिला पुढे तिथे सोडणार होता. कावेरीने खाटेकडे पाहिलं आणि पर्स तिथेच टाकली. तिने ग्लोरियाला हाक मारली, गालावर थोपटलं. पोरीने डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. डोळे खोल गेलेले, ओठ नि जीभ कोरडीठाक, हातपाय गार. कावेरीने तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती झटकन सपाट व्हायला हवी होती, पण तशीच उभी राहिली, मग हळूहळू खाली बसली. शेवटची लघवी कधी झाली, असं तिने विचारलं. वेरोनिकाला आठवेना. काल दुपारी असेल. तेवढ्यात ग्लोरिया जराशी रडली, बारीक आवाजात.

"लिनो, ह्यां बोट लागणां न्हय," कावेरी म्हणाली. "चेडू रडता, पण डोळ्यांत पाणी खंय आसा? आंगातलां पाणी संपत इलां. सलाईन व्हयी, आताच्या आता."

लिनोचं तोंड उतरलं. "ओकतलां म्हणान मी पाणी दिलंय नाय गो," एवढंच तो म्हणाला.

आणि मग जी धावाधाव झाली! गुरुदासने एकशेआठ नंबरला फोन लावला. पण देवबागचा रस्ता एकच, अरुंद, आणि सुट्टीच्या गर्दीत त्यावर गाड्यांच्या रांगा लागलेल्या. रुग्णवाहिका आत कधी येणार आणि बाहेर कधी पडणार? गुरुदासने खाडीकडे पाहिलं. पलीकडचा रस्ता मोकळा होता. त्याने रुग्णवाहिकेला पलीकडच्या धक्क्यावरच यायला सांगितलं. फायबरची बोट काढायला धावला, तर ओहोटी! मधला वाळूचा बांध उघडा पडायच्या बेतात होता. ती जड बोट त्यात रुतलीच असती.

मग सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे, मित्रांनो! माझ्या फळीन् फळीत कंप भरला. चला, उचला मला, असं मी मनातल्या मनात ओरडत होते. शेजारपाजारचे धावले, नाश्ता टाकून पाहुणेही धावले, दोन्ही बाजूंनी खांदे लागले आणि मी वाळूवरून सरसरत पाण्यात गेले. एक थेंब आत आला नाही. रोजच्या भिजवण्याने माझ्या फळ्या गच्च होत्या.

लिनोने माझ्या मागच्या छोट्या इंजिनाची दोरी दोनदा ओढली, पण ते काही लागेना. गुरुदासने त्याला बाजूला केलं आणि इंजिन सुरू केलं. कावेरीने ग्लोरियाला कुशीवर निजवून मांडीशी धरलं. वेरोनिका तिचे गार पाय चोळत जपमाळेचे मणी ओढत होती. आणि लिनोने, ज्याने रात्रभर थेंब दिला नव्हता त्याने, बाटली उघडून लेकीच्या ओठांना लावली. कावेरीने त्याचा हात धरला. ती गुंगीत आहे, गिळता येणार नाही, पाणी श्वासनळीत जाईल, असं तिने समजावलं. आता पाणी शिरेतूनच द्यायचं. काल जे पाणी तिला तोंडाने देता आलं असतं, ते आज बाप हातात घेऊन बसला होता आणि देता येत नव्हतं. तो बाटली धरून रडत होता. चहूकडे पाणीच पाणी, आणि माझ्यात एक पोर सुकत चाललेली! मी धावले हो, जीव खाऊन धावले. वाळूच्या बांधावर जेमतेम वीतभर पाणी होतं, त्यावरून मी बूड घासत, ठिणग्या उडाव्यात तशी, पार झाले.

पलीकडे रुग्णवाहिका उभी होती. कावेरीने डॉक्टरांना चार वाक्यांत सगळं सांगितलं आणि दार लागलं. पुढचं मला वेरोनिकाने नंतर सांगितलं, माझ्यात बसून, डोळे पुसत. शरीरातलं पाणी इतकं आटलं होतं की शीर सापडेना. शेवटी सापडली आणि सलाईन सुरू झालं. रुग्णालयात नेल्यावर डॉक्टरांनी ते भराभर दिलं, दर थोड्या वेळाने नाडी तपासली. आणखी उशीर झाला असता तर पोर हातची गेली असती, असं ते स्पष्ट म्हणाले. दुपार कलली तेव्हा ग्लोरियाने डोळे उघडले आणि म्हणाली की तिला शूला जायचंय. झालं! डॉक्टर हसले, नर्स हसली, आणि आमचा दांडगा लिनो भिंतीला टेकून हुंदके देऊ लागला. शूला जायचंय म्हटल्यावर एवढा आनंद झालेलं घर तुम्ही पाहिलंय का?

घरी सोडताना डॉक्टरांनी ओआरएसची पाकिटं दिली. उलटी झाली तरी पाणी बंद करायचं नाही, दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्या-चमच्याने द्यायचं, असं त्यांनी लिनोला तीन-तीनदा बजावलं.

आणायला कोण गेलं? मीच! रस्ता मोकळा असता तरी मीच गेले असते. ग्लोरिया माझ्या मधल्या फळीवर बसली, पाय हलवत, पाणी कापत जाणारं माझं टोक बघत. अर्ध्या खाडीत तिने लिनोकडे पाहिलं. रागाने नाही, लटक्या रुसव्यानेही नाही, सहज विचारावं तसं ती म्हणाली, "पप्पा, मी पाणी मागलंय, तू दिलंस नाय."

लिनोने मान खाली घातली. मग त्याने बाटली तिच्या हातात दिली आणि कसाबसा म्हणाला, "आता माग. कितीय माग."

आणि तिने मागितलं! एक घोट प्याली, परत मागितलं, परत प्याली. आमच्या काठाला लागेपर्यंत तिचं तेच चाललं होतं आणि लिनो दर वेळी तितक्याच लगबगीने बाटली पुढे करत होता.

मित्रांनो, माझ्यासारख्या होडीला सुकू न देण्यासाठी माणसं केवढी काळजी घेतात! मग आपल्या माणसाची घ्या ना. जुलाब-उलट्या होत असतील आणि कुणी पाणी मागत असेल, तर द्या. थोडं थोडं, पण देत राहा. आणि ज्याचे डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, जो रडतो पण अश्रू येत नाहीत, जो मलूल होऊन पाणी मागायचाच थांबला, तो बरा झाला असं समजून स्वयंपाकाला लागू नका. फोन करा, गाडी काढा, गाडी नसेल तर होडी काढा. आमच्या ग्लोरियाला जेमतेम वेळ मिळाला. तेवढाही सगळ्यांना मिळतोच असं नाही.