नऊ गोल

"गोळ्यांचं नंतर बघू. आधी उपवास सांगा, मावशी. कुठले कुठले धरता?"

समोरच्या स्टुलावर बसलेली बाई नीलमसिस्टरकडे बघतच राहिली. "तुम्ही सिस्टर हाय का भटजी?"

वॉर्डात खसखस पिकली. सिस्टरच्या या प्रश्नाला शिरूरचा हा दवाखाना आता सरावला होता. पुण्याहून हृदयात स्प्रिंग बसवून आलेल्या पेशंटला गोळ्या, मीठ, चालणं, छातीत दुखलं तर काय करायचं, हे सगळं समजावून घरी पाठवायचं काम नीलमचं. बाकीच्या नर्सा आधी बिडी-तंबाखू विचारायच्या. ही आधी उपवास विचारायची. का विचारते, ते मात्र तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मंगळवार धरती," बाई म्हणाली. "आन् नवरात्र. आज मंगळवारच हाय."

"मग सकाळची गोळी घेतली का?"

"न्हाई. पोटात अन्न न्हाई तर गोळी कशी घ्यायची?"

नीलमच्या हातातलं पेन थांबलं. फाइलवरचं नाव तिनं आता कुठं नीट वाचलं. साखरबाई कोंडिबा, राहणार केंदूर. अंगाचं पार चिपाड झालेलं, म्हणून ओळखू आली नव्हती. मधलं नाव वाचलं मात्र, आणि कानाशी कुणीतरी हलकेच खाकरलं.

हे खाकरणं तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. गेली तीन वर्षं ते तिच्यासोबत राहत होतं. कुठल्याही पेशंटला ती 'जेवणानंतर' म्हणाली, की मागून कुणीतरी तिचं वाक्य पुरं करायचं. घरी भाकरी थापताना, दारात रांगोळी काढतानासुद्धा. मागं वळून बघायचं तिनं सोडून दिलं होतं. मागं कुणी नसतं हे तिला ठाऊक होतं, आणि ते नसणंच बघवत नव्हतं.

साखरबाईचा नवरा कोंडिबा, त्यालाही अशीच स्प्रिंग बसवलेली. तो म्हणजे नीलमचा पहिल्या नंबरचा विद्यार्थी. अर्धा जन्म मेंढरांमागं गेला, मग केंदूरला दोन एकरांत कांदा लावून स्थिरावला. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण ऐकायचा कसा, तर जीव कानात आणून. "आबा, आता तुम्ही मला परत सांगा," म्हटलं की घडाघडा बोलायचा, "रगत पातळ व्हायची गोळी. रोज एक. जेवणानंतरच. उपाशीपोटी न्हाई म्हंजी न्हाई." मग खाकरून विचारायचा, "पास का?" आणि नीलम म्हणायची, "पास." लिहिता येत नाही म्हणून तिनं त्याला चौकटींचा कागद आखून दिला. गोळी घेतली की फुली मारायची.

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सकाळी कोंडिबा गेला. पुढं पंधरा दिवसांनी साखरबाई उरलेल्या गोळ्या घेऊन आली, कुणा गरिबाला द्या म्हणून. सोबत तो कागद होता. फुल्याच फुल्या, आणि शेवटी ओळीनं नऊ गोल.

"गोल म्हंजी उपास," साखरबाईनं डोळे पुसत सांगितलं होतं. "म्हणायचे, जेवणच न्हाई तर जेवणानंतर कसं घेऊ?"

नीलमनं तो कागद घडी करून खिशात टाकला आणि तिला प्यायला पाणी दिलं.

"वळकलं न्हवं आता?" साखरबाई म्हणत होती. "हे लई नाव काढायचे तुमचं. म्हणायचे, मास्तर भेटावा तर असा."

"मावशी, नीट ऐका. उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही. एखादं केळं खा, कपभर दूध घ्या, त्यावर घ्या. पुढच्या आठवड्यात घट बसतायत. तुमच्या स्प्रिंगला अजून महिना झालेला नाही. नऊ दिवस गोळी बंद केली तर तिच्यात रक्त गोठेल."

"बरं," साखरबाई म्हणाली.

हे 'बरं' नीलम ओळखून होती. दवाखान्यात मान डोलवायची आणि घरी जाऊन आपलंच खरं करायचं, त्यातलं होतं ते.

"नऊ दिवस काय खाणार, मावशी?"

"पानी."

"अहो..."

"माझी गोष्ट येगळी हाय, सिस्टर." साखरबाईनं आवाज खाली आणला. "त्या साली आठव्या माळंला माझा डोळा लागला. घटाम्होरला दिवा इझला. उठून गुपचूप लावला, ह्यांनाबी सांगितलं न्हाई. दसऱ्याला हे गेले. पोरं म्हणत्यात, तसं काय नसतं. पर माझ्या हातनं झालंय, मला ठावं हाय. तवाधरनं नवरात्र पान्यावर करती. औंदाबी करणार. त्यात मेली तर मेली."

हे तिनं एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

मागं पुन्हा कुणी खाकरलं. नीलमनं उठून खाटेचा पडदा ओढून घेतला आणि स्टुलाशेजारी, फरशीवरच बसली.

"दिव्यानं नाही गेले आबा."

"आता तुम्हीबी पोरांसारखंच..."

"माझ्यामुळं गेले. जेवणानंतरच घ्या, असं मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. उपवास असला तर काय करायचं, ते सांगितलंच नाही. उपवास धरता का, एवढंसुद्धा विचारलं नाही. नऊ दिवस त्यांनी माझं ऐकलं, मावशी. जसंच्या तसं ऐकलं."

साखरबाईनं पडद्याकडे पाहिलं. पलीकडे कुणीतरी संत्रं सोलत होतं, त्याचा वास येत होता.

"तुम्हाला कवा कळलं हे?"

"तुम्ही कागद घेऊन आलात तेव्हाच."

"त्याच दिशी?"

"हो."

"आन् मला पानी दिलं नुसतं."

नीलमनं होकारार्थी मान हलवली.

"तीन वर्सं," साखरबाई सावकाश म्हणाली, "म्या त्या देव्हाऱ्याम्होरं उभी ऱ्हाती. मान वर करून देवीचं त्वांड बघितलं न्हाई."

ती आता ओरडेल, शिव्या घालेल, डॉक्टरांकडे जाईल, असं नीलमला वाटलं. तसं झालं असतं तर बरंच झालं असतं. पण साखरबाईनं पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर ओढली. तिच्यात सुनेनं बळंच बांधून दिलेली उकडलेली रताळी होती. तिनं फडक्याची गाठ सोडली, एक रताळं घेतलं, नखानं साल काढली आणि पहिला घास मोडला.

खेड्यातली बाई 'घ्या वाईच' म्हटल्याशिवाय दुसऱ्यासमोर कधी खात नाही. अनोळखी माणसालासुद्धा विचारते. इतक्या वर्षांत या वॉर्डात नीलमला कितीजणींनी घास पुढं केला असेल, गणती नव्हती.

साखरबाईनं 'घ्या' म्हटलं नाही. ती सावकाश चावत होती, एकेक घास, शेवटपर्यंत. नीलम उठली आणि एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास घेऊन तिचं खाणं संपायची वाट बघत उभी राहिली.