मागच्या पंख्याची शिट्टी

"रेडिओला बोलू द्या हो, तुम्ही जरा गप्प बसा!"

बाबांचा हा आवाज माझ्या लहानपणीचा. त्यांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक तक्रार सांगायला तोंड उघडायचं आणि बाबा त्याला असं दटावायचे. मग डोळे मिटून खरखरीला कान लावायचे, तान्ह्याच्या छातीला आईनं लावावा तसा. दुखणं सापडलं की हसायचे. गिऱ्हाईकही हसायचं.

त्याच बाबांच्या पाठीकडे बघत आज मी सकाळपासून दातओठ खात बसले होते.

काम एवढंच होतं. बोलकी पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेला माझ्या वाचनाचा नमुना हवा होता, आज संध्याकाळपर्यंत. पसंत पडला तर वर्षभराचं काम हातात. पहिला नमुना त्यांनी परत पाठवला होता: आवाज गोड आहे, पण मागे काहीतरी घरघरतं आणि शिट्टी वाजते. एकदाच पुन्हा पाठवा. फोनवरचं चालणार नाही.

खोटं नव्हतं. आमचा जुना कॉम्प्युटर बाबांनीच सुटे भाग आणून जुळवलेला. मी "एक होतं तळं" म्हणावं, की त्याच्या पंख्यांनी हुंकार द्यावा, आणि हुंकारावर बारीक शीळ. पंखे बंद ठेवले तर पेटी तापायची आणि वाक्याच्या मध्येच मान टाकायची.

"दुकानात नेऊ या," मी म्हटलं होतं.

"का? मी मेलोय का?" असं म्हणून बाबांनी पेटीची कूस उघडली होती.

आत धुळीची गोधडी. ती त्यांनी ब्रशनं उसवली. एकेक पातं बोटांत धरून पुसलं, लेकीची वेणी घालावी इतक्या निगुतीनं. तेलाचा थेंब सोडला. मग जुन्या रेडिओंच्या डब्यातून रबराच्या चकत्या काढल्या आणि पंख्यांच्या स्क्रूखाली बसवल्या. दर वेळी पेटी सुरू करायची, तिच्या माथ्यावर तळहात ठेवायचा, आणि म्हणायचं, "बघ, थरथर गेली. झाली की नाही शांत?"

थरथर गेली होती. घरघरही गेली होती. आणि म्हणूनच, ढोल थांबल्यावर पिपाणी ऐकू यावी, तशी ती शिट्टी आता उघडी पडली होती.

"बाबा, वाजतेय अजून."

"कुठे?"

"मागच्या पंख्यात. कानात सुई घातल्यासारखी."

"तुझ्या कानांचे लाड फार झालेत," ते म्हणाले आणि पुढचा पंखा सोडवायला लागले.

"मागचा म्हटलं मी! मागचा!"

"अगं, मग इकडे तोंड करून बोल ना. भिंतीला काय सांगतेस?"

"आई, तू तरी सांग गं यांना!"

"माझं ऐकलं असतं तर माझी कात्री त्या पसाऱ्यात गेली असती का?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

पुढचा पंखा निघाला, पुसला गेला, पुन्हा बसला. शिट्टी तिथेच. खिडकीतलं ऊन जमिनीवरून उठून भिंतीवर चढलं, माझा पाराही चढला. इतका हट्ट? एवढी धडधडीत शिट्टी, आणि कबूल म्हणून करायची नाही?

मग मी पुरावाच गोळा केला. माईक सुरू केला, अवाक्षर न काढता नुसती खोली रेकॉर्ड केली. आवाज पूर्ण वाढवला आणि हेडफोन बाबांच्या कानांवर चढवला.

"ऐका आता."

मला हेडफोनच्या बाहेरही ती शिट्टी ऐकू येत होती. बाबांनी डोळे मिटले. ऐकत राहिले. कपाळावर आठी आली. हेडफोन त्यांनी दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. चेहरा एकाएकी उतरला, दिव्याची वात खाली करावी तसा. मग ओठांवर कसंबसं हसू आलं.

हेडफोन काढून ते म्हणाले, "छान वाचलंस. अगदी स्वच्छ."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"मी वाचलंच नव्हतं, बाबा. नुसती खोली होती ती. नुसती शिट्टी."

"नुसती खोली?" माझ्या ओठांकडे बघत त्यांनी विचारलं. "तू बोललीच नव्हतीस?"

मी मान हलवली. त्यांचे खांदे सैल पडले. स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी विनाकारण सदऱ्याला पुसला.

"मागचा ना? बोट ठेव त्याच्यावर. काढून दुसरा बसवतो," ते म्हणाले. मग स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"शिट्टी मला येतच नाही गं ऐकू. वरचे सूर गेले माझे, बरेच दिवस झाले. हाताला लागत होतं तेवढंच दुरुस्त करत बसलो. पण आत्ता काहीच आलं नाही ना कानावर, तेव्हा वाटलं, आता तुझा आवाजही गेला."